रेफरन्सची टाकी

आपण स्वतः मोजला नाही तो आकडा खोटा, असं मेधाचं साधं म्हणणं होतं. बाजारातून आणलेली दोन किलोची कणीक ती घरी येऊन काट्यावर ठेवायची, आणि वजन बरोबर भरलं की तिचा जरा हिरमोडच व्हायचा. पुण्याला तिच्या आईने या स्वभावापुढे हात टेकले होते. सिंगापूरला मात्र याच स्वभावाचा तिला पगार मिळत होता. विद्यापीठात ती पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरची संशोधक होती. धातूच्या पातळ थरातून वीज किती सहज जाते आणि किती अडते, ते मोजणं हे तिचं काम. दिवसभर ते मोजायचं आणि संध्याकाळी क्लेमेंटीच्या फ्लॅटवर येऊन नवऱ्याच्या सिगरेटी मोजायच्या, असा तिचा दिनक्रम होता.

नवरा, प्रसन्न, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअरच्या टीमचा मॅनेजर. कुणाला दुखवणं त्याला जमायचं नाही आणि सिगरेट सोडणंही जमायचं नाही. बेटाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत MRTच्या मेट्रोने येईस्तोवर त्याचा जीव कासावीस व्हायचा. मग घरी येण्याआधी कारपार्कच्या कडेला कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहून तो एक ओढायचा. वर आल्यावर मेधाचा नियम लागू: आधी आंघोळ, मग इरा. इरा सात वर्षांची. ती दाराकडे धावत यायची, हातभर अंतरावर थबकायची, नाक मुरडायची आणि शाळेत उचललेल्या सिंगापुरी बोलीत म्हणायची, "बाबा, बाथ फर्स्ट लाह." प्रसन्न हसत हसत बाथरूमकडे वळायचा. मेधा हसायची नाही, कारण तो नियम तिने गमतीत केलेला नव्हता.

नियमाचं मूळ पुण्यात होतं. तिचे सासरे, ज्ञानेश्वर, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसायचे ते नाकात ऑक्सिजनची नळी घालूनच. जन्मभर ओढलेल्या सिगरेटींनी त्यांची फुफ्फुसं कामातून गेली होती, आणि "कसे आहात सगळे" एवढं विचारायलाही त्यांना मध्ये थांबावं लागायचं. प्रसन्नचा सकाळचा खोकला ऐकला की मेधाला ती नळी दिसायची. याच्या नाकात ती येऊ द्यायची नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि मेधाने एकदा ठरवलं की ती कुणाचं ऐकायची नाही, अगदी स्वतःचंही नाही.

डॉक्टरांनी दिलेलं निकोटिनचं गम चघळून झालं, दंडावर पट्ट्या लावून झाल्या, दोघांचं एकमेकांशी अबोला धरूनही झालं. २०१७ च्या सुरुवातीला प्रसन्नच्या ऑफिसातल्या चारुदत्तने त्याला आपलं जुनं व्हेप दिलं. मुठीएवढी बॅटरी, तिच्यावर काचेची फुगीर टाकी, टाकीत पातळ रस आणि रसात बुडालेली कापूस भरलेली कॉइल. बटण दाबलं की कॉइल तापते, रसाची वाफ होते, ती ओढायची. धूर नाही, राख नाही, डांबर नाही. चारुदत्तने छाती ठोकून सांगितलं की याने माणूस सुटतो. प्रसन्नने कॉफीच्या वेळी दोन झुरके मारले, त्याला भोवळ आली, पोटात ढवळलं, आणि त्या संध्याकाळी त्याने कारपार्कच्या कडेला एकाऐवजी दोन सिगरेटी ओढल्या.

दुसरी कुणी बायको असती तर तिने ते यंत्र कचऱ्यात टाकलं असतं. मेधाने ते दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेलं.

तिथे तिने मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा केला आणि मगच कॉइल मोजली. भरला पॉइंट दोन ओहम. तिच्या लगेच लक्षात आलं. आठवीच्या पुस्तकातलीच गोष्ट होती: रोध जितका कमी, तितकी त्याच बॅटरीतून जास्त वीज धावणार, जास्त वॅट, जास्त उष्णता, ढगच्या ढग वाफ. ही टाकी हवेत ढग सोडणाऱ्या हौशी लोकांची होती, आणि त्यात भरायचा तो अगदी सौम्य रस. प्रसन्नने त्यात सिगरेटवाल्यांचा कडक, जास्त निकोटिनचा रस भरला होता, म्हणजे फुलपात्राने प्यायची गोष्ट बादलीने प्यायला होता. त्याला हवी होती छोटी टाकी, अरुंद तोंडाची, सिगरेटीसारखी जोर लावून ओढावी लागणारी. कॉइल दीड-पावणेदोन ओहमची आणि जेमतेम दहा-बारा वॅट. तिने हे त्याला रात्रीच्या जेवणात आमटीच्या वाटीशेजारी कागदी रुमालावर आकृती काढून समजावलं. प्रसन्न ऐकत होता आणि बायको इतक्या दिवसांनी सिगरेटीवर न रागावता बोलतेय याचाच त्याला आनंद झाला होता.

अडचण एवढीच होती की सिंगापुरात या वस्तू विकायला आणि बाहेरून आणायला बंदी होती. MRTत पाणी पिणं मना आहे म्हणून तहानेने रडणाऱ्या इराला स्टेशन येईपर्यंत रडू देणारी ही बाई. पण जूनच्या सुट्टीत इराला गुहेतलं देऊळ आणि माकडं दाखवायला म्हणून तिघं बसने क्वालालंपूरला गेली, आणि माकडं बघून झाल्यावर मेधाने नवरा आणि मुलीला आइस्क्रीमपाशी बसवून एका दुकानात बराच वेळ काढला. दुकानदार मोठमोठ्या रंगीत टाक्या पुढे करत होता, ती मान हलवत होती. शेवटी तिने पसंत केली ती काउंटरच्या कोपऱ्यातली, बोटाच्या पेराएवढी. आणि एक नव्हे, तिने तशाच दोन घेतल्या, बरोबर एक छोटी बॅटरी, सुट्या कॉइल आणि रसाच्या बाटल्या.

टाक्या दोन कशाला, असं प्रसन्नने विचारलं. मेधाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. रस कमी कमी कडक करत न्यायचा, तर चव बदलली ती रसामुळे की कॉइल जळायला आली म्हणून, हे कळणार कसं? एका टाकीत पहिल्या दिवसाचाच कडक रस कायम ठेवायचा. ती रेफरन्स. प्रत्येक वेळी तिच्याशी ताडून बघायचं. लॅबमध्ये आम्ही असंच करतो, असं तिने सांगितलं.

परतताना हे सगळं चकलीच्या रिकाम्या डब्यातून सीमेपार आलं. डबा यंत्रातून सरकत होता तेव्हा मेधाच्या तळहाताला घाम फुटला होता. पण घरी पोचल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं, तर डबा साबणाने घासून ठेवला, आणि नवी कॉइल बशीत घेऊन बसली.

कोरडी कॉइल कधीच लावायची नाही, हे तिने वाचलं होतं, पण वाचायची तशी गरज नव्हती. समईची वात आधी तेलात भिजवावी लागते, नाहीतर ती उजेड द्यायचं सोडून नुसती करपते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. सासूबाई, विमल, अजून हाताने फुलवाती वळायच्या आणि सिंगापूरला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर पिशवीभर पाठवायच्या. मेधाने तशीच मायेने कॉइलच्या कापसावर रसाचे थेंब सोडले, टाकी भरली, ती मुरू दिली, बारा वॅटवर ठेवली आणि प्रसन्नच्या हाती देण्याआधी स्वतः एक झुरका घेतला. करपट लागत नाही ना, एवढंच बघायला. खोकली, डोळ्यांत पाणी आलं, पण चव स्वच्छ होती. "घे," ती म्हणाली.

आणि खरंच जमलं. कौतुक करायचं तर मेधाचंच करायला हवं. पहिल्या महिन्यात कारपार्कच्या खेपा निम्म्यावर आल्या, नोव्हेंबरातले पावसाळी वाऱ्यांचे दिवस सुरू व्हायच्या आत त्या बंद झाल्या. मेधा दर थोड्या दिवसांनी रसात बिननिकोटिनचा रस मिसळून त्याची धार कमी करत होती. प्रसन्नचा खोकला गेला. तो ऑफिसातून थेट वर यायचा, आणि इरा थबकायची ती सवयीने, मग तिला आठवायचं आणि ती त्याच्या अंगावर उडी घ्यायची. रविवारच्या कॉलवर ज्ञानेश्वरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नळी सारखी केली, बराच वेळ श्वास गोळा केला आणि म्हणाले, "सूनबाई, तू माझा मुलगा वाचवलास." मेधा त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन रडली. आयुष्यात एवढं मोठं काही आपल्या हातून झालंय असं तिला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

आता दुसऱ्या टाकीचं. चव ताडायची तर दोन्हींतून एकेक झुरका घ्यावाच लागतो. आधी हे नवी कॉइल बसवताना व्हायचं. मग मेधाला वाटलं की कॉइल हळूहळू खराब होते, मधूनमधूनही बघायला हवं. मग वाटलं की सकाळी जीभ कोरी असते, तेव्हा घेतलेलं माप जास्त भरवशाचं. प्रसन्नच्या टाकीतून एक, रेफरन्समधून एक. पुढे पुढे प्रसन्नच्या टाकीतून एक आणि रेफरन्समधून तीन, कारण प्रसन्नच्या टाकीला आता चवच उरली नव्हती. लॅबमध्ये दुपारी तिचं डोकं जड व्हायला लागलं, हातातलं काम टाकून घरी जावंसं वाटायला लागलं. तिने तिथल्या एसीला दोष दिला. रेफरन्समधला रस कुणी न ओढता खाली जातोय हे प्रसन्नच्या लक्षात आलं होतं. त्याने विचारलं तर ती म्हणाली की सिंगापूरच्या उकाड्यात उडून जातो. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्या बाईने हे सांगितलं, आणि त्याने ते मानलं.

डिसेंबरमध्ये प्रसन्नचा रस शून्यावर आला. जानेवारीत तो टाकी ऑफिसला न्यायलाच विसरू लागला. मेधा त्याला मागून हाक मारायची, कॉइल नवी बसवलीय, घेऊन जा. ती इतकी मागे लागायची की एकदा तो वैतागून म्हणाला, "अगं, मला नकोय ते आता. तू माझी सुटका केलीस ना? मग होऊ दे की सुटका." मेधाने टाकी परत जागेवर ठेवली. तिला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

त्यातच नवा कायदा लागू होणार होता. एक फेब्रुवारीपासून व्हेप नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा, जबर दंड. प्रसन्नचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज आत पडलेला होता, मेधाचा नोकरीचा पास दोन महिन्यांनी नवा करायचा होता. असल्या वेळी नाव कुठे लागलं तर इराच्या शाळेपासून सगळ्या घराचा गाशा गुंडाळावा लागेल, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी प्रसन्नने आपली टाकी पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचली, तुकडे बॅटरीसकट बांधून इमारतीच्या कचऱ्याच्या नळकांड्यात सोडले. हात झटकत त्याने विचारलं, दुसरी कुठेय.

"ती मी गेल्याच आठवड्यात टाकली," मेधा म्हणाली.

लग्न झाल्यापासून ती नवऱ्याशी खोटं बोलली नव्हती, अगदी त्याच्या आईने पाठवलेल्या साडीबद्दलसुद्धा नाही. ते इतकं सहज कसं तोंडून निघालं याचं तिलाच नवल वाटलं. टाकी आणि चारुदत्तची जुनी बॅटरी डाळींच्या डब्यांमागे होती. काही दिवसच, असं तिने स्वतःला बजावलं. नंतर मीच टाकून देईन.

फेब्रुवारी असाच गेला. बाथरूमचा पंखा लावायचा, नळ सोडायचा, दोन झुरके. दारावर बेल वाजली की छातीत धस्स व्हायचं. शेजारच्या चिनी आजी संत्री द्यायला आल्या तरी तिला पोलीस आले असं वाटायचं. मग कॉइल करपली. नव्या संपल्या होत्या आणि क्वालालंपूरला आता कुठल्या तोंडाने जायचं? मेधाने वॅट उतरवून पाहिले, वाफ येईना. चढवून पाहिले, घशात जळकं कापड कोंबल्यासारखं झालं. कापूस जळालाय, यातून आता विष येणार, हे तिच्याइतकं नीट घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरीही तिने आणखी एकदा बटण दाबलं.

त्या शनिवारी प्रसन्न इराला पोहायला घेऊन गेला होता. विजा व्हायला लागल्या म्हणून तलाव बंद झाला आणि ती दोघं लवकर परत आली. इरा खालीच मैत्रिणीकडे थांबली, प्रसन्न एकटा वर आला. मेधा जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर उघडलेली कॉइल, सुई, आणि विमलताईंनी पाठवलेल्या फुलवातींची पिशवी. कॉइलच्या पोटातला काळा कापूस तिने सुईने ओढून काढला होता आणि सासूने देवासाठी वळलेल्या वातीचा कापूस पिंजून ती त्या जागी भरत होती. तो नीट जात नव्हता.

प्रसन्न दारातच उभा राहिला. मेधाने मान वर केली आणि बोलायला सुरुवात केली. मापाचं काहीतरी, रेफरन्सचं काहीतरी, जुनी कॉइल परत वापरता येते का हे नुसतं बघत होते. तिला स्वतःलाच ते ऐकवेना आणि ती मध्येच थांबली.

तो समोरची खुर्ची ओढून बसला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने अगदी हळू, ज्याला माहीत असतं त्यानेच विचारावा तसा प्रश्न विचारला.

"सकाळचा पहिला कधी घेतेस?"

मेधाला खोटं सुचलं, पण ते तिने बोलून दाखवलं नाही. "चहाच्या आधी."

प्रसन्नने फुलवातींची पिशवी बंद करून बाजूला ठेवली. "मी चहानंतर घ्यायचो," तो म्हणाला.

त्याने टाकी उचलली, पाटा घेतला आणि जानेवारीत केलं तेच पुन्हा केलं. मेधाने अडवलं नाही. पण वरवंट्याखाली काच फुटली तेव्हा तिचा हात आपोआप पुढे गेला होता, तो त्याने पाहिला आणि पाहिलं नाही असं दाखवलं. नंतर तो समजावत होता की डॉक्टरकडे जाऊ, गम आहे, पट्ट्या आहेत, मला जमलं तर तुला का नाही जमणार. तो चूक बोलत नव्हता. पण त्याच्यासाठी जे केलं होतं ते मेधाने केलं होतं, आणि तिच्यासाठी ते करायला दुसरी मेधा घरात नव्हती. त्याला तिच्याएवढं कठोर होता येत नव्हतं. बाथ फर्स्टसारखा नियम त्याला कधी सुचलाच नसता.

पुढचा रविवारचा कॉल मेधाने टाळला. ज्ञानेश्वरांनी सूनबाई कुठेय म्हणून विचारलं, प्रसन्नने कामात आहे म्हणून सांगितलं. आतल्या खोलीत बसून तिला तो थांबत थांबत येणारा आवाज ऐकू येत होता.

गम चघळून तिने काही दिवस काढले. लॅबमध्ये एका विद्यार्थिनीवर विनाकारण खेकसली, मग तिची माफी मागितली. आणि मार्चमधल्या एका संध्याकाळी, विद्यापीठाच्या बसमधून उतरून घराकडे येताना, ती ब्लॉकखालच्या दुकानात शिरली. व्हेपसाठी पकडलं असतं, पण याला परवानगी होती, पैसे टाकले की मिळत होतं. दुकानदाराने पाकीट पुढे सरकवलं आणि तिच्याकडे पाहिलंही नाही. कारपार्कच्या कडेला कचऱ्याच्या डब्यापाशी ती नेमकी तिथेच उभी राहिली जिथे प्रसन्न उभा राहायचा. इतक्या वर्षांत ती इथे एकदाही त्याच्यासोबत येऊन उभी राहिली नव्हती, हे तिला तिथे पहिल्यांदा सुचलं. इथून वर पाहिलं की आपल्याच स्वयंपाकघराची खिडकी दिसते, हेही तिला माहीत नव्हतं. खिडकीत दिवा होता, प्रसन्न पोळ्या करत होता. सिगरेट तिने अर्धीच ओढायची ठरवलं होतं. ती संपेपर्यंत ओढली.

वर जाताना लिफ्टमध्ये तिने तोंडावरून रुमाल फिरवला, तोंडात वेलदोडा टाकला. दार उघडलं आणि इरा धावत आली.

हातभर अंतरावर ती थबकली. तिने नाक मुरडलं, आईकडे पाहिलं, मग आईच्या पाठीमागे कुणी आहे का ते वाकून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. बाबा तर आत तव्यापाशी होता. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि उत्तर बरोबर आहे की चूक याची खात्री नसल्यासारखी ती हळूच म्हणाली, "आई, बाथ फर्स्ट?"

मेधाने पुढे केलेले हात मागे घेतले. प्रसन्न पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आला, दोघींकडे त्याने एकदा पाहिलं, आणि भिंतीवरचं गीझरचं बटण दाबलं.